मूल कोर्टात जे बोललं, ते अपिलापर्यंत पोचू द्या

प्रति,
मा. मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय.



बाललैंगिक अत्याचाराच्या खटल्यात विशेष न्यायालयानं आरोपीला शिक्षा सुनावली, की दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते आणि लोकांच्या लेखी विषय मिटतो. कुटुंबालाही तसंच वाटतं. अपील म्हणून काही असतं, ते दाखल होतं, त्यात सगळा पुरावा पुन्हा पहिल्यापासून तपासला जातो, हे त्यांना पुष्कळदा गावातल्या कुणाकडून तरी कळतं, तेही आरोपी जामिनावर सुटून आल्यावर. ही अपिलं आपल्या न्यायालयात येतात: मुंबईला, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला, पर्वरीला आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरलाही. त्या सुनावणीत मुलाला बोलावत नाहीत, आणि बोलावूही नये. न्यायमूर्तींसमोर असतं ते खालच्या कोर्टानं केलेलं टिपण. मूल काय बोललं, कसं बोललं, कशाचं उत्तर म्हणून बोललं, यातलं किती त्या टिपणात उतरतं, याविषयी मला आपल्याशी बोलायचं आहे.

मी वकील नाही. पॉक्सोच्या, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, खटल्यांत मुलांबरोबर सहाय्यक व्यक्ती म्हणून जाते. पॉक्सो नियम 2020 मध्ये या भूमिकेची तरतूद आहे आणि ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी व्यक्ती देणं सक्तीचं केलं. ज्या मुलांबरोबर मी बसले त्यांच्यापैकी कुणाचीही हकिकत या पत्रात येणार नाही. ओळख उघड करायला कायद्याची मनाई आहेच, पण कायदा नसता तरी मी ती सांगितली नसती. इथे येतील ते सगळ्यांना वाचायला खुले असलेले निकाल, आणि कोर्टात रोज घडतं म्हणून कुणीही पाहू शकेल असं कामकाज.

मुलाच्या साक्षीबद्दल आपला कायदा चांगला आहे, हे आधी सांगायला हवं. 1952 साली ‘रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य’ हा निकाल अहवालात आला. तो लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. आठ वर्षांच्या मुलीला शपथ दिली नव्हती, तर तिची साक्ष धरायची का, आणि तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार हवाच का, असे प्रश्न होते. आधार शोधणं हा सावधगिरीचा भाग आहे, पण आधार नाही म्हणून शिक्षा होऊच शकत नाही असा कायदा नाही, हे तेव्हाच ठरलं. न्यायाधीशाचं मन सावध असावं आणि ती सावधगिरी निकालात दिसावी, एवढीच अपेक्षा. पुढच्या सत्तर वर्षांत हे सूत्र कुणी मोडलेलं नाही. साक्षीदार किती हवेत याला संख्या नाही, हे जुन्या पुरावा कायद्यातही होतं आणि 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे.

म्हणजे एका मुलाच्या शब्दावर शिक्षा होऊ शकते. ती व्हावी, असंच माझं मत आहे, कारण हे गुन्हे साक्षीदार ठेवून कुणी करत नाही. पण तसं असेल तर अपिलात सगळं त्या शब्दांवरच तोललं जाणार. पहिल्या अपिलाच्या न्यायालयानं सगळा पुरावा स्वतंत्रपणे पुन्हा पारखायचा असतो. ते त्याचं कर्तव्य आहे. खालच्या न्यायाधीशानं साक्षीदाराला डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून त्याच्या मताला मान द्यायचा, असंही आपण मानतो. आणि नेमकी इथेच अडचण आहे. त्यानं जे पाहिलं ते कागदावर येतच नाही.

साक्षीदाराच्या वागण्याबोलण्याविषयी न्यायाधीशानं शेरा लिहावा, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 280 मध्ये होती. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. मुलांच्या साक्षीत असा शेरा माझ्या पाहण्यात फार कमी येतो. मूल प्रश्न ऐकून गप्प झालं, आईकडे बघायला मान वळवली, टेबलाखाली शिरलं, ‘तो’ म्हणताना पडद्याकडे बोट केलं, पाणी मागितलं आणि मग सलग बोलत सुटलं, यातलं काहीही नोंदलं जात नाही. साक्ष सुरू होण्याआधी ‘खरं बोलणं म्हणजे काय हे साक्षीदाराला समजतं’ असं ठरवण्यासाठी चार प्रश्न विचारतात. त्यांचीसुद्धा एका वाक्यात बोळवण होते: प्रश्न विचारले, समाधान झालं. कोणते प्रश्न, कोणती उत्तरं, हे अपिलात कळायला मार्ग नाही.

मग येते मूळ साक्ष. सत्र खटल्यात साक्ष साधारणपणे सलग निवेदनाच्या रूपात लिहायची, न्यायाधीशाला वाटलं तर प्रश्नोत्तरांच्या रूपात, असा नियम आहे. व्यवहारात मुलांची साक्षही सलगच लिहिली जाते. सात वर्षांच्या मुलीच्या तोंडी कोर्टाची मराठी येते. ‘आईच्या सांगण्यावरून मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ ‘ही बाब मी पोलिसांना सांगितली होती, ती माझ्या जबाबात का लिहिली नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही सत्र न्यायालयातली उलटतपासणी उघडा, ही वाक्यं सापडतील. त्यातलं एकही वाक्य मुलानं उच्चारलेलं नसतं. त्यानं मान हलवलेली असते, किंवा ‘नाही’ म्हटलेलं असतं, किंवा काहीच म्हटलेलं नसतं.

हा नुसता भाषेच्या कृत्रिमपणाचा प्रश्न असता तर मी आपला वेळ घेतला नसता. यावर शिक्षा टिकते किंवा जाते. समजा, विचारलं गेलं, ‘तू त्या दिवशी आजीकडे गेली होतीस ना, आणि काका तेव्हा कामावर होता ना?’ एका प्रश्नात दोन प्रश्न. आजीकडे गेलेली मुलगी मान डोलावते. कागदावर उतरतं, ‘घटनेच्या दिवशी आरोपी कामावर होता हे म्हणणे खरे आहे.’ चार वर्षांनी अपिलात हीच ओळ सगळ्यात मोठी कबुली ठरते. वकिलानं दोन गोष्टी एकत्र विचारल्या होत्या, हे कुठेच दिसत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. सरकारी वकिलानं सरतपासात ‘त्यानं तुला इथे हात लावला ना?’ असं सुचवून विचारलं आणि मूल ‘हो’ म्हणालं, तर कागदावर ‘आरोपीने माझ्या गुप्तांगास स्पर्श केला’ असं लिहिलं जातं. वाचणाऱ्याला वाटतं, मुलानं आपणहून सांगितलं. अपिलात बाजू मांडणाऱ्या आरोपीच्या वकिलाला, ही माहिती मुलाच्या तोंडून आली की प्रश्नातून आली, हे दाखवायला काही उरत नाही. बारा वर्षांखालच्या मुलावरचा अत्याचार स्पर्शापुरता असेल तर किमान शिक्षा पाच वर्षांची आहे. प्रवेश सिद्ध झाला तर 2019 च्या दुरुस्तीपासून किमान वीस वर्षांची, आणि वर फाशीपर्यंत. पाच आणि वीस यांच्यामधला फरक काही वेळा मुलाच्या एका शब्दावर असतो आणि तो शब्द लघुलेखकानं कोर्टाच्या भाषेत बदलून लिहिलेला असतो. एखाद्या माणसाला वीस वर्षं आत ठेवायचं, तर मूळ शब्द कोणता होता हे न्यायमूर्तींना कळायला नको का?

पॉक्सोच्या कलम 33 नुसार वकिलानं मुलाला थेट प्रश्न विचारायचा नसतो. तो न्यायाधीशाकडे द्यायचा आणि न्यायाधीशानं मुलाला विचारायचा. ही तरतूद फार विचारपूर्वक केलेली आहे. ती पाळली गेली की नाही, हे सलग निवेदनातून समजणं अशक्य. प्रश्नच जिथे कागदावर नाही, तिथे तो कुणी आणि कसा विचारला हे कसं दिसणार?

आणि मूल ज्या बोलीत बोललं ती? मेळघाटातलं मूल कोरकूत सांगतं, भामरागडचं माडियात, धडगावचं पावरीत, धुळ्याकडचं अहिराणीत. दुभाषी गावचाच, कधी ओळखीतलाच. जानेवारी 2023 मध्ये ‘नईम अहमद’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं आहे, की साक्ष साक्षीदाराच्या भाषेत नोंदवा. नुसतं इंग्रजी भाषांतर पुरेसं नाही. तो खटला मुलांच्या अत्याचाराचा नव्हता. मुलांच्या बाबतीत ते दुपटीनं लागू आहे, कारण शरीराच्या भागांसाठी मुलांचे घरात शिकलेले स्वतःचे शब्द असतात आणि त्यांच्या जागी प्रमाण शब्द घातला की नेमकं कुठे, काय झालं हेच पुसलं जातं. काळाचंही तसंच. मूल तारीख सांगत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी, आखाजीला मामाकडे गेलो तेव्हा, शाळेत नवी पुस्तकं मिळाली त्या आठवड्यात, असं सांगतं. पोलीस जबाबात त्याची तारीख होते, ती कधी चुकते, आणि मग कोर्टात मूल पुन्हा ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ म्हणालं की ती ‘विसंगती’ ठरते.

विसंगतीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण दोषसिद्धी उलटण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. कोर्टापर्यंत पोचताना मूल तीच गोष्ट किती वेळा सांगतं? आधी आईला किंवा बाईंना. मग पोलिसांना. मग डॉक्टरांना. पुष्कळदा बाल कल्याण समितीपुढे. मग दंडाधिकाऱ्यांपुढे. आणि शेवटी साक्षीत. प्रत्येक ठिकाणी वेगळा माणूस वेगळं विचारतो आणि आपल्या शब्दांत लिहितो. मुलं अशा गोष्टी एका दमात सांगत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी सांगतात. सगळ्यात लाजिरवाणा तुकडा शेवटी येतो. 2012 च्या ‘राय संदीप’ निकालानं अस्सल साक्षीदार कसा असावा याची जी कसोटी दिली, त्यात पहिल्या जबाबापासून अखेरपर्यंत एकसारखेपणा अपेक्षित आहे. प्रौढांच्या संदर्भात घडलेली ही कसोटी मुलाला जशीच्या तशी लावली, तर सगळ्यात भेदरलेलं मूल सगळ्यात खोटं ठरेल.

आपल्या न्यायालयाच्या इतिहासात याचं मोठं उदाहरण आहे. कुलाबा आणि मुरूड इथे चालणाऱ्या अँकरेज निवाऱ्यांमधल्या मुलांवरच्या अत्याचारांचा खटला. मार्च 2006 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं दोन ब्रिटिश नागरिकांना आणि व्यवस्थापकाला दोषी ठरवलं. जुलै 2008 मध्ये उच्च न्यायालयानं तिघांना सोडलं. मार्च 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सत्र न्यायालयाची शिक्षा पुन्हा कायम केली. पुरावा तिन्ही ठिकाणी एकच होता. मुलांनी आधी का सांगितलं नाही, पहिल्या वेळी सगळं का सांगितलं नाही, या प्रश्नांना एका न्यायालयानं निर्णायक मानलं. दुसऱ्यानं ही मुलं कोण आहेत, त्यांचं छप्पर आणि ताट कुणाच्या हातात होतं, हे लक्षात घेऊन तेच प्रश्न वाचले. रस्त्यावरून आलेल्या त्या मुलांनी साक्ष दिली, मग ती साक्ष टाकून दिल्याचं ऐकलं, आणि मग जवळपास तीन वर्षांनी ती खरी ठरल्याचं ऐकलं. मधल्या वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल काय समजायचं होतं?

2017 सालचं ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू’ हे प्रकरणही आपल्याकडचंच. मुलगी ऐकू-बोलू न शकणारी, बौद्धिक अपंगत्व असलेली. तिची साक्ष झालीच नव्हती, या कारणावरून उच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली. बाकीचा पुरावा पुरेसा होता, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं ती परत लागू केली. आणि त्याच निकालात, दुर्बल साक्षीदारांसाठी प्रत्येक उच्च न्यायालयाच्या क्षेत्रात साक्षीची खास केंद्रं उभारा, असा आदेश दिला. 2022 मध्ये त्याच न्यायालयानं, पुन्हा महाराष्ट्रातूनच आलेल्या प्रकरणात, या केंद्रांवर देखरेखीसाठी न्या. गीता मित्तल यांची समिती नेमली. केंद्रं झाली, काही चांगली झाली. भिंतींवर चित्रं आहेत, खेळणी आहेत, वेगळं दार आहे. पण तिथल्या पडद्यावर दिसणारी साक्ष जतन होत नाही. साक्ष संपली की कॅमेरा बंद, आणि अपिलासाठी उरतं तेच टंकलेलं निवेदन.

नागपूर खंडपीठाच्या जानेवारी 2021 च्या, कपड्यांवरून केलेल्या स्पर्शाबद्दलच्या निकालावर भरपूर चर्चा झाली आणि त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं तो उलटवला. तिथे घडलेल्या गोष्टीबद्दल वाद नव्हता, कलमाचा अर्थ काय यावर होता. म्हणून त्यात इथे शिरत नाही. पुराव्याच्या बाबतीत त्याहून जुनी आणि जास्त बोलकी गोष्ट देसाईगंज पोलीस ठाण्याची आहे. 1972 ची घटना: ठाण्यातच पोलिसांनी एका मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप. मुलगी डॉक्टरांच्या अंदाजानं चौदा ते सोळा वर्षांची. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, आपल्या नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं पटत नाही. पोलीस ठाण्यात पोलिसांपुढे उभ्या असलेल्या गरीब मुलीचा गप्पपणा संमती कसा ठरतो, हा प्रश्न उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सप्टेंबर 1979 मध्ये देशाच्या सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून विचारला. त्या पत्रातून चळवळ उभी राहिली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. त्या मुलीचं नाव तेव्हा देशभर झालं. मी ते लिहीत नाही. पण अपिलाच्या न्यायालयाचं वाचन चुकू शकतं आणि नागरिकानं ते आदरानं, कारणं देऊन सांगावं, ही वाट त्या चौघांनी घालून दिली आहे.

जखमा शोधण्याची सवय अजून गेलेली नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांच्या तपासणीत काहीच दिसत नाही, हे वैद्यकशास्त्रात आता मान्य आहे. स्पर्शाच्या खुणा राहत नाहीत, राहिल्या तर लवकर भरून येतात, आणि मूल सांगतं तोवर आठवडे गेलेले असतात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांतल्या उणिवांवर सविस्तर अहवाल केला आणि तो जनहित याचिकेच्या निमित्तानं नागपूर खंडपीठापुढे आला. त्यानंतर राज्यात तपासणीची पद्धत सुधारली. निकालपत्रांत मात्र ‘वैद्यकीय पुरावा दुजोरा देत नाही’ हे वाक्य अजून अशा जागी येतं, जिथे वैद्यकीय पुरावा असण्याची शक्यताच नव्हती.

आता मी ज्या बाजूला बसते तिथून न दिसणारं काही. ठाणे जिल्ह्यात 2010 साली सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. एका माणसाला फाशी झाली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. डीएनएचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायला उशीर का झाला, मधल्या काळात ते कुणाच्या ताब्यात आणि कसे होते, याचा हिशेब सरकार देऊ शकलं नाही. ते नमुने दूषित झालेच नाहीत, हे खात्रीनं सांगता आलं नाही. तेरा वर्षं गेली. एक माणूस फाशीच्या छायेत जगला आणि त्या सहा वर्षांच्या मुलीला न्याय मिळाला नाही तो नाहीच. अपिलाचं न्यायालय पुरावा काटेकोरपणे तपासतं म्हणून मी तक्रार करत नाही, हे या प्रकरणावरून लक्षात यावं. पॉक्सोच्या कलम 29 मधलं, आरोपी दोषी असल्याचं गृहीतक लावण्याआधी मूळ घटना सरकार पक्षानं सिद्ध केली पाहिजे, हा आग्रहही मला योग्य वाटतो. मुलाला पढवल्याचा संशय आला, तर तोही तपासलाच पाहिजे. फेब्रुवारी 2025 मध्ये ‘बलवीर सिंह’ निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पढवल्याचा नुसता आरोप पुरेसा नाही. ते पुराव्यातून दिसलं पाहिजे. माझा प्रश्न एवढाच, की साक्षीतलं प्रश्नोत्तरच हाताशी नसेल तर पढवलं होतं की नव्हतं, हे न्यायमूर्ती कशावरून ओळखणार? एका बाजूला निरपराध माणूस आणि दुसऱ्या बाजूला खरं बोलणारं मूल, दोघांनाही वाचवणारी वस्तू एकच आहे: त्या खोलीत काय बोललं गेलं त्याची पूर्ण नोंद.

म्हणून मागणं मांडते.

मुलाची साक्ष प्रश्नोत्तरांच्या रूपात, मुलाच्या भाषेत, मुलाच्या शब्दांत नोंदवावी, भाषांतर शेजारी. उत्तर मानेनं किंवा बोटानं दिलं असेल तर तसं लिहावं. गप्प राहिलं तर ‘उत्तर नाही’ असं लिहावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रश्नोत्तरांची मुभा न्यायाधीशाला आहेच, आणि अनुच्छेद 227 खाली खालच्या न्यायालयांच्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार आपल्या न्यायालयाला आहे. क्रिमिनल मॅन्युअलमध्ये एका परिशिष्टाची भर पडली, तर हा बदल सिंधुदुर्गापासून गोंदियापर्यंत एकदम होईल.

दुसरं, साक्षीचं ध्वनिचित्रमुद्रण. मुलाचा पहिला जबाब शक्य तिथे असा मुद्रित करावा, हे पॉक्सोच्या कलम 26 मध्ये 2012 पासून आहे. सत्र खटल्यातली साक्षही तशी मुद्रित करण्याची वाट नागरिक सुरक्षा संहितेनं मोकळी केली आहे. साक्षकेंद्रांत कॅमेरे बसलेले आहेत. मला भीती एकच वाटते, मुद्रण बाहेर फुटण्याची, आणि ती लहान भीती नाही. अशी एक फीत फुटली तर त्या मुलाचं आयुष्य पुन्हा उद्ध्वस्त होईल. म्हणून ते मोहोरबंद असावं, प्रत कुणालाही मिळू नये, सरकारी वकील आणि बचावाचे वकील दोघांनीही ते न्यायालयातच पाहावं, आणि अपील अंतिम निकाली निघाल्यावर त्याचं काय करायचं हेही नियमात लिहिलेलं असावं. एवढी काळजी घेतली तर साक्ष पुन्हा घेण्याची वेळ मुलावर कधीच येणार नाही. आज फेरसुनावणीचा आदेश झाला की मोठ्या झालेल्या मुलीला पुन्हा त्या पिंजऱ्याजवळ उभं करावं लागतं.

तिसरं काळाबद्दल. मुलाची साक्ष तीस दिवसांत, खटला शक्यतो वर्षात, असं पॉक्सो सांगतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक उच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींची समिती नेमून या खटल्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं. अपिलांवर कुणी लक्ष ठेवायचं? बलात्काराच्या कलमांखालच्या शिक्षेवरचं अपील सहा महिन्यांत निकाली काढावं, ही तरतूद 2018 च्या दुरुस्तीनं आली आणि नव्या संहितेतही आहे. पण ती दंड संहितेच्या, आता न्याय संहितेच्या, ठरावीक कलमांपुरती. ती कलमं फक्त स्त्री आणि मुलीवरच्या अत्याचाराची. मुलग्यावरच्या अत्याचाराची शिक्षा पॉक्सोखालीच होते, त्यामुळे त्याच्या अपिलाला ही मुदत लागूच पडत नाही. संसदेनं हे मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही, नजरेतून सुटलं असावं. संसद दुरुस्ती करील तेव्हा करील. तोवर मुलगा असो वा मुलगी, पॉक्सोखालच्या प्रत्येक अपिलाला तेच सहा महिने, अशी व्यवस्था आपण रोस्टरमधून करू शकता.

आणि कुटुंबाला कळवणं. एप्रिल 2021 मध्ये आपल्याच न्यायालयानं निर्देश दिले, की पॉक्सो प्रकरणातल्या अर्जांची नोटीस मुलाच्या कुटुंबाला मिळाली पाहिजे. निर्देश उत्तम आहेत. पण शिक्षेला स्थगिती मागणाऱ्या अर्जाची नोटीस मुंबईहून निघून पोलीस ठाण्यामार्फत तालुक्याच्या गावी जायची, तोवर कुटुंबानं घर बदललेलं असतं. अशा कुटुंबांना घर बदलावंच लागतं. सहाय्यक व्यक्तीचा फोन नंबर खटल्याच्या कागदांत असतो. नोटीस आम्हालाही पाठवा. आम्ही पोचवू.

एक विनंती न्यायमूर्तींच्या लेखणीकडेही आहे. खालच्या न्यायालयाचा निकाल उलटवण्याचा अधिकार निर्विवाद आहे. मुलाची साक्ष अविश्वसनीय ठरवताना कोणतं वाक्य, कोणत्या प्रश्नावरचं, आणि ते का पटत नाही, हे निकालपत्रात लिहिलेलं असावं. ‘साक्ष विश्वास निर्माण करत नाही’ एवढ्यावर थांबू नये. निकाल मराठीतही मिळावा. शिक्षा रद्द झाल्यावर मुलं मला एकच विचारतात: ‘मी खोटं बोलले असं त्यांनी लिहिलंय का?’ बहुतेक निकालपत्रांत तसं लिहिलेलं नसतं. संशयाचा फायदा दिलेला असतो, तपासातली चूक धरलेली असते, वय सिद्ध झालेलं नसतं. पण ते इंग्रजीत असतं, आणि मुलाला तेरा-चौदाव्या वर्षी जे समजतं ते एवढंच, की माझ्यावर विश्वास ठेवला नाही. ‘साक्षीदार खोटं बोलली असं आम्ही म्हणत नाही’, हे खरं असेल तिथे एका ओळीत मराठीत लिहिलं, तर ती ओळ मी तिला वाचून दाखवू शकेन.

आपली विश्वासू,
पॉक्सो खटल्यांतली एक सहाय्यक व्यक्ती